नऊ रेघा

४ जानेवारी

दादा,

पार्सल मिळालं की आधी डबीचं झाकण बघ. सैल झालं असेल तर त्यातलं काही घेऊ नकोस, मला कळव. आत साठ दिवसांच्या पुड्या आहेत.

तू मागितलंस तेच पाठवते आहे, बाबांच्या हातचं नागभस्म. नाग म्हणजे शिसं. हे मुद्दाम लिहिते, कारण आपण काय पोटात घालतोय हे रुग्णाला ठाऊक असावं. शिसं शुद्ध करून, वनस्पतींच्या रसात घोटून, मातीच्या दोन बशांत बंद करून गोवऱ्यांच्या आगीत पुन्हा पुन्हा भाजलं की त्याचं शिसेपण जातं आणि ते औषध होतं, असं आपलं शास्त्र सांगतं. एका भाजणीला एक पुट म्हणतात. बरणीवर बाबांच्या अक्षरात ‘साठ पुटी’ लिहिलं आहे. त्यांनी केलेली ही शेवटची बरणी.

रोज सकाळी एक पुडी, आवळा-हळदीच्या चूर्णात कालवून, बोटभर मधातून. मधुमेहाच्या ज्या गोळ्या तुझ्या डॉक्टरांनी दिल्या आहेत त्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. सोबत त्यांच्यासाठी चिठ्ठी आहे. मी काय देते आहे ते त्यात लिहिलंय. ती त्यांना दे.

रुग्णाला बघायचं, हात लावून तपासायचं आणि विचारायचं, अशी आमची तीन अंगांची परीक्षा. तू दोन दिवसांच्या प्रवासावर, म्हणजे माझ्याकडे विचारणं तेवढं उरलं. म्हणून फोन नको, कागदावर लिही. बाबा लांबच्या सगळ्या रुग्णांना हेच सांगायचे, की फोनवर माणूस बरा असल्यासारखा बोलतो. भूक, झोप, पोट, जीभ, मन, या क्रमाने लिहीत जा.

एक गोष्ट खटकते ती लिहूनच टाकते. घरच्या माणसाला आपण औषध देऊ नये, असं मी इतरांना सांगत आले आहे. तू ‘बाबांचंच हवं’ म्हणालास आणि मला नाही म्हणता आलं नाही.

धाकटी

९ फेब्रुवारी

वैद्यीणबाई,

हुकमाप्रमाणे हजेरी. भूक: आहे. झोप: आहे, दुकानात बसल्या बसल्यासुद्धा लागते. जीभ: आरशात बघितली, तुझी वहिनी म्हणाली, ‘लांब आहे, तेवढं लिहा.’ मन: तुझ्या पत्रांनी घाबरतं, एरवी ठीक. पोट: इथे जरा भानगड आहे. दोन-दोन दिवस साफ होत नाही आणि बेंबीभोवती पीळ पडल्यासारखं दुखतं. दाबून धरलं की बरं वाटतं. पण साखर उतरली आहे बरं का! डॉक्टरच म्हणाले. चिठ्ठी दिली त्यांना.

काम बरं चाललंय. हल्ली सगळे प्लास्टिकवर छापून घेतात, हाताने रंगवलेली पाटी कोण मागतो? तरी एका शाळेने चौदा वर्गांच्या पाट्या सांगितल्या आहेत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘अक्षर बघून मुलांना लिहावंसं वाटलं पाहिजे.’ मी म्हटलं, ‘बाई, या अक्षराच्या जोरावर मला कुणीतरी मुलगी दिली, मुलांचं काय घेऊन बसलात.’

पुडी घेताना रोज बाबा समोर उभे असल्यासारखं वाटतं. ते होते तेव्हा मी त्यांचं एकही औषध सरळ घेतलं नाही. आता घेतोय.

दादा

१६ फेब्रुवारी

दादा,

पत्र तीनदा वाचलं. बद्धकोष्ठ, पिळवटणारी पोटदुखी, दाबल्यावर आराम, म्हणजे वात वाढला आहे. पुस्तकात आहे तसंच्या तसं चित्र. मधुमेह जुना झाला की शरीर आतून झिजतं आणि त्या पोकळीत वात शिरतो. पोटासाठी रात्री गरम पाण्यातून दोन चमचे एरंडेल घे. शिळं, कोरडं खाऊ नकोस. पोटावर तिळाचं तेल चोळून शेक.

मूळ दुखणं झिजेचं आहे, म्हणून भस्माचं प्रमाण दुप्पट करते आहे. नव्या पुड्या निळ्या कागदात बांधल्या आहेत. जुन्या संपव आणि मग या सुरू कर.

लिहिताना वाटतंय, तुझी नाडी हाताला लागायला हवी होती.

धाकटी

२ एप्रिल

धाकटे,

उशीर झाला, रागावू नकोस. शाळेचं काम मागे पडलंय. निळ्या पुड्या चालू आहेत. पोटाचं म्हणशील तर कधी आहे, कधी नाही. परवा जरा जास्त होतं, तासभर जमिनीवर आडवा पडलो होतो. भूक कमी. तोंडाला लोखंडाची चव येते. चेहरा पांढरा दिसतो असं तुझी वहिनी म्हणते. मी म्हटलं, आयुष्यभर उन्हात शिडीवर चढून काळा झालो, आता कुठे उजळतोय तर तुला बघवत नाही.

ब्रश हातातून सुटतो मधूनमधून. वयाचं असणार. बावन्न म्हणजे काही लहान नाही.

तू अगदी बाबांसारखी लिहितेस. ‘शिळं, कोरडं खाऊ नकोस.’ वाचताना हसू आलं.

दादा

१० एप्रिल

दादा,

तुझ्या पत्रातली शेवटची चार वाक्यं वहिनीच्या अक्षरात आहेत. तसं तू लिहिलं नाहीस, पण मला अक्षर ओळखता येतं. वरच्या ओळीही डावीकडून उजवीकडे घसरत गेल्या आहेत. ज्याने कधी पट्टी न लावता सरळ पाट्या रंगवल्या त्याची ओळ अशी उतरत नाही. हाताला काय झालंय?

वात मज्जेत उतरला की पकड जाते, म्हणून आधी तेच मनात आलं आणि मी लगेच एक तेल काढून ठेवलं. मग वाटलं, प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे वाताचंच नाव कसं तयार असतं? तेल पाठवत नाही. उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा, रक्त तपासून घे, आणि अहवाल मला पाठव.

पुड्या चालू ठेव. त्या तुला आतून धरून आहेत.

धाकटी

२९ एप्रिल

वन्सं,

मी पत्र लिहितेय हे यांना माहीत नाही. फोन केला असता, पण हे शेजारीच असतात.

यांना दवाखान्यात ठेवून आज सहावा दिवस. त्या सोमवारी पोटात इतकं उठलं की शेजाऱ्यांनी उचलून आणलं. उजवा हात मनगटातून लोंबतोय. समोर धरा म्हटलं की पंजा खाली पडतो, पिळलेल्या फडक्यासारखा. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं तर हिरडीच्या कडेला निळी-काळी रेघ. रक्तात शिसं निघालंय, खूप. डॉक्टर म्हणाले, ‘रंगकाम करता ना? जुन्या रंगांत शिसं असायचं. तुमच्या धंद्यातल्या लोकांना हेच होतं, मनगटच पडतं.’ हे म्हणाले, ‘हो, जुने डबे आहेत माझ्याकडे.’ शिसं काढायला शिरेतून औषध देताहेत. चार दिवसांत उतार पडायला हवा होता, तो पडत नाही म्हणून डॉक्टरही कोड्यात आहेत.

आता मला विचारायचंय ते. तुमच्या निळ्या पुड्या यांनी बंद केलेल्या नाहीत. सकाळी डॉक्टर फेरी मारून गेले की मला दाराकडे तोंड करून उभं करतात आणि घेतात. ‘बाबांचं आहे, यानेच उठेन,’ म्हणतात. डॉक्टरांना सांगायचं नाही अशी मला शपथ घातलीय. ते शिरेतलं औषध आणि ही पुडी एकत्र चालतं ना? तेवढं कळवा.

तुमची वहिनी

३ मे

दादा,

पत्र मिळाल्याबरोबर मी वहिनींना फोन करून पुड्या बंद करायला लावल्या. डॉक्टरांना आजच सांगा असंही म्हटलं. त्या रडत होत्या. ‘हे सांगू देत नाहीत,’ म्हणाल्या. म्हणून हे तुला लिहिते आहे.

फोन ठेवला आणि परसात गेले. भस्म पक्कं झालं की नाही हे बघायच्या परीक्षा असतात. चिमूटभर पाण्यावर सोडलं तर तरंगलं पाहिजे. बोटावर चोळलं तर बोटाच्या रेषांत भरून राहिलं पाहिजे. या दोन्ही मी तुला पाठवण्याआधी केल्या होत्या. तिसरी केली नव्हती. तिच्यात भस्म तूप, मध, टाकणखार आणि आणखी दोन गोष्टींबरोबर मुशीत घालून तापवायचं. धातू परत जिवंत झाला तर भस्म कच्चं. या परीक्षेत गेलेलं भस्म परत मिळत नाही, आणि बाबांच्या बरणीतली चिमूटभरसुद्धा मला जाळवत नव्हती.

काल ती केली. मूस थंड झाली, फोडली. तळाला मोहरीएवढा एक मणी होता. चकचकीत.

आता पुढचं. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, वहीतही लिहिलेलं नाही. ही बरणी केली तेव्हा बाबांच्या छातीत धूर बसला होता. आगीपाशी पाटावर बसायचे आणि खोकून खोकून वाकायचे. प्रत्येक पुटाची एक रेघ ते वहीत ओढत. एक्कावन्न झाली तेव्हा त्यांना ताप होता, रेघांवरून बोट फिरवायचे आणि मोजदाद विसरायचे. मला विचारलं, ‘किती झाली गं?’ मी म्हटलं, ‘साठ.’ ते आत जाऊन झोपले. मग मी त्यांच्याच पेन्सिलीने उरलेल्या नऊ रेघा ओढल्या, त्यांच्यासारख्या जरा तिरक्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पाहिल्या आणि बरणीवर ‘साठ पुटी’ लिहिलं.

मला वाटलं होतं, मी त्यांना विश्रांती दिली.

तुझं पोट दुखायला लागलं ते शिशाने. मी त्याला वात म्हटलं आणि शिसं दुप्पट केलं. शिसं हा शब्द पहिल्याच पत्रात मीच लिहिला होता. पण आपल्या घरात भाजलेल्या शिशाला कुणी शिसं म्हणतच नाही, त्यामुळे तो माझ्या डोक्यातही आला नाही.

डॉक्टरांना सांग, दादा.

धाकटी

२० मे

धाकटे

डाव्या हाताने लिहितोय. अक्षराला हसू नकोस. पहिलीतल्या पोराला शाळेतून काढून टाकतील असं आहे.

तुझं पत्र वाचलं आणि फाडलं. पुड्या तुझा फोन आला तेव्हाच बंद केल्या. सतरा दिवस झाले. पोट दुखत नाही. हात तसाच. डॉक्टर म्हणतात, सहा महिने, वर्ष, किंवा नाहीच. शाळेने पाट्या छापून घेतल्या.

खरं सांगतो. तुझी चिठ्ठी मी डॉक्टरांना दिलीच नव्हती, अजून पाकिटात आहे. ते शिसं म्हणाले तेव्हाच मला कळलं होतं. तरी घेत राहिलो. बाबांनी भाजलेलं शिसं वेगळं, असं स्वतःला सांगत होतो. आणि दुसरं म्हणजे, ते बंद केलं असतं तर ते बाबांचं चुकलं असं म्हणावं लागलं असतं. माझ्याने ते होईना.

आता ऐक. डॉक्टर रंग म्हणतात. कागदावर रंग लिहिलंय. ते तसंच राहू दे. मी पाट्यावाला, माझ्या अंगात शिसं निघालं तर कुणाला नवल वाटणार नाही. बरणी पुरून टाक. वही जाळ. चाळीस वर्षं लोक लांबून लांबून यायचे ते बाबांच्या नावावर. तुझा दवाखानाही त्यावरच चालतो. माझा हात गेला तो गेला, तो परत यायचा असेल तर तुझ्या खरं बोलण्याने येणार नाही. मोठा भाऊ म्हणून मागतोय. एरवी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही.

दादा

११ जून

दादा,

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी मी बाहेर पडले होते, म्हणून ते बारा दिवसांनी वाचलं. आधी मिळालं असतं तर थांबले असते का, ते सांगता येत नाही. थांबले असते, असंही वाटतं. हे तुझ्यापासून लपवत नाही.

तुझ्याशिवाय अकरा जणांना मी त्या बरणीतलं दिलं आहे. त्यांच्यातल्या एकानेही आयुष्यात ब्रश धरलेला नाही.

एकेकाच्या घरी जाऊन हे सांगते आहे आणि पुड्या परत घेते आहे. त्यांच्यातला शिंपी हसला. ‘बाई, तुमच्या औषधाने काय होणार, माझं पोट बायकोच्या बोलण्याने दुखतं,’ म्हणाला. रक्ताचा अहवाल आल्यावर हसला नाही. आतापर्यंत सात जणांचं रक्त तपासून झालंय. पाच जणांत शिसं जास्त आहे, दोघांत फार. निवृत्त मास्तरीणबाई डबी परत देईनात. ‘हे वैद्यबुवांच्या हातचं आहे. तू कालची पोर, तू कोण परत मागणार?’ असं म्हणून डबी उशीखाली ठेवली आणि वर बसल्या. दोन तास बसले त्यांच्यासमोर. शेवटी त्यांच्या सुनेने काढून दिली.

मी भस्म शहरातल्या रासायनिक प्रयोगशाळेतही दिलं होतं. बरोबर बाबांची त्याआधीची बरणी दिली, धडधाकट होते तेव्हाची, जिच्या साठही रेघा त्यांनी स्वतः ओढल्या. ती मुशीत तापवून पाहिली होती, मणी निघाला नव्हता. मला वाटत होतं, निदान ती स्वच्छ येईल. अहवाल आला. शिसं दोन्हींत आहे, जवळपास तेवढंच. मी तिथल्या बाईंना विचारलं, ‘मग पुटांनी काय होतं?’ त्या म्हणाल्या, ‘रूप बदलतं. शिसं जाणार कुठे?’

परतीच्या बसमध्ये माझ्या लक्षात आलं की महिनाभर मी त्या नऊ रेघांना घट्ट धरून होते. चूक माझी असली की बाबांचं शास्त्र वाचत होतं. आता बाबांनी असल्या बरण्यांतून किती वर्षं किती जणांना दिलं, त्यातले किती जण बरे झाले आणि किती जणांचा वात वाढला असं आपण म्हणालो, हे मला मोजता येत नाही. बऱ्या झालेल्यांनाही मी ओळखते, दादा. तेही खोटं नाही. मुळ्या, काढे, तेलं, लंघन, माणसाचं खाणं-झोपणं नीट लावून देणं, यातलं मी काहीच सोडणार नाही. पण आज मला काय ठाऊक आहे आणि मी कशावर नुसता विश्वास ठेवते, याची रेघ ओढायला बसले की हात चालत नाही.

अकरावं घर टपालखात्यातल्या निवृत्त कारकुनांचं. ते मार्चमध्ये गेले. मी भेटायला गेले होते तेव्हा. शेवटी त्यांना पोटशूळ होता, अंगात रक्त नव्हतं, आणि मी त्यांच्या पत्नीला म्हटलं होतं, ‘वय झालं होतं, वाताने शरीर पोखरलं.’ त्या घरी जायचं मी शेवटपर्यंत टाळलं. गेलेल्या माणसाचं रक्त तपासता येत नाही. सांगून उपयोग काय, तूही हेच म्हणाला असतास. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला जाऊन सांगायचं की रोज सकाळी मधात कालवून तुम्ही जे दिलंत त्याने ते गेले असतील? हे त्यांच्यासाठी सांगायचं की माझ्या मनाचं ओझं उतरावं म्हणून? दोनदा जिना चढून परत उतरले.

तिसऱ्यांदा दार वाजवलं. त्यांनी पाणी दिलं. त्या सुकल्या होत्या, मला वाटलं दुःखाने. मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच, रेघांसकट. मग म्हणाल्या, ‘थांबा,’ आणि आतून डबी घेऊन आल्या.

‘हे गेले तेव्हा सत्तर-ऐंशी पुड्या उरल्या होत्या,’ त्या म्हणाल्या. ‘एवढ्या मेहनतीचं औषध, टाकवेना. मला मधुमेह नाही हो, पण म्हटलं, ताकदीचं असेल. मीच घेतेय तेव्हापासून रोज एक.’

डबीत चार पुड्या होत्या.

मी त्यांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. खिडकीपाशी बाकावर बसवलं. त्यांनी माझा हात धरला होता, रागावून धरला होता की आधारासाठी, ते कळलं नाही. कागद भरणाऱ्या परिचारिकेने विचारलं, ‘तुम्ही यांच्या कोण? मुलगी?’

मी म्हटलं, ‘यांना विष दिलं ती.’

तिने मान वर केली. मग पुन्हा विचारलं, आणि मी शांतपणे पहिल्यापासून सांगितलं: काय दिलं, किती दिलं, कुणी केलं, माझं नाव, बाबांचं नाव. तिने दोन्ही लिहून घेतली.

तुझ्या डॉक्टरांनाही मी आज लिहिलं आहे. ‘रंग’ खोडून खरं काय ते लिहायला सांगितलं आहे. त्यांना तुझ्या रक्ताचा हिशोब लागत नव्हता, आता लागेल. तू मागितलेलं मला देता आलं नाही. तुला पुन्हा मला पत्र लिहावंसं वाटलं नाही तर मी समजेन. पण तुझा हात कसा आहे ते वहिनींना मला कळवू दे.

धाकटी